लहान आणि शांत घरगुती कॉम्प्युटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईमेल बघायची, बँकेची कामं करायची, चार पत्रं टाइप करायची, फोटो साठवायचे, लांबच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल करायचा, संध्याकाळी एखादा सिनेमा लावायचा. एवढ्यासाठी टेबलाखाली मोठं कॅबिनेट ठेवून त्याची घरघर दिवसभर ऐकायची आता गरज राहिलेली नाही. मात्र "छोटा आणि शांत" असं आपण एका दमात म्हणून जातो तेव्हा एक गोष्ट नजरेआड होते. हे दोन गुण एकमेकांना फारसे पूरक नाहीत. डबा लहान झाला की आतला पंखाही लहान होतो, आणि तेवढीच हवा बाहेर टाकायला लहान पंख्याला जास्त वेगानं फिरावं लागतं. खालच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ इथे आहे.

माझा वापर "साधा" आहे हे कसं ओळखायचं?

आजच्या घरगुती कॉम्प्युटरवर सगळ्यांत जड प्रोग्राम असतो तो ब्राउझर. वर्ड, एक्सेल, पीडीएफ हे त्याच्यापुढे काहीच नाहीत. तेव्हा सध्या जो कॉम्प्युटर वापरताय त्यावर नेहमीसारखं काम चालू असताना, नेहमीचे सगळे टॅब उघडे ठेवून, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडेल. तिथे मेमरी किती वापरली जातेय आणि प्रोसेसर किती टक्के कामाला लागलाय ते बघा. प्रोसेसर बहुतेक वेळ २०-३० टक्क्यांच्या खाली असेल तर तुमचा वापर साधाच आहे, दुकानदार काहीही म्हणो.

नवे त्रिमितीय गेम, मोठ्या व्हिडिओंचं एडिटिंग किंवा इंजिनिअरिंगची ड्रॉइंग्ज ही तुमची रोजची कामं असतील, तर हे पान तुमच्यासाठी नाही.

मिनी पीसी, लॅपटॉप की ऑल-इन-वन?

कॉम्प्युटर जागेवरून हलवायचाच नसेल तर मिनी पीसी, म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड वेगळे जोडायचा छोटा डबा. लॅपटॉप एका टेबलावर कायमचा ठेवला तर मान खाली घालून बघावं लागतं, बॅटरी सतत चार्जिंगला राहून म्हातारी होते, आणि पातळ लॅपटॉपचे पंखे तर मिनी पीसीपेक्षाही लहान असतात. ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीनच्या आतच बसवलेला कॉम्प्युटर, दिसतो छान, पण त्यात स्क्रीन बिघडली की कॉम्प्युटर गेला आणि कॉम्प्युटर जुना झाला की चांगली स्क्रीनही त्याच्यासोबत गेली. मिनी पीसीत दोन्ही वेगळं राहतं. चांगला मॉनिटर दोन-तीन कॉम्प्युटर सहज बघतो.

मिनी पीसी घेताना लोक एक हमखास विसरतात. त्यात कॅमेरा नसतो, बहुतेकांत माइक नसतो, आणि स्पीकर असलाच तर नावापुरता. व्हिडिओ कॉल करायचे असतील तर वेबकॅम आणि हेडफोन किंवा स्पीकरचा हिशोब आधीच धरा. नाहीतर लॅपटॉपपेक्षा स्वस्त म्हणून घेतलेला डबा शेवटी त्याच किमतीला जातो.

प्रोसेसर कोणता बघायचा?

साध्या वापरासाठी सध्या सर्वांत जास्त दिसणारं नाव म्हणजे इंटेलचा एन१००. हा २०२३ मध्ये आला. चार कोअर (एकाच वेळी काम करणारे प्रोसेसरचे भाग) आणि कंपनीनं नेमून दिलेली उष्णतेची पातळी अवघी ६ वॉट. ताकदीनं तो इंटेलच्याच सहाव्या-सातव्या पिढीच्या चार कोअरच्या डेस्कटॉप आय५च्या आसपास जातो, आणि तो आय५ ६५ वॉटचा होता. शांततेच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे. जी उष्णता तयारच होत नाही ती बाहेर काढायला पंखाही लागत नाही. एन१५० हा त्याचाच किंचित वेगवान धाकटा भाऊ. दोघांतला फरक रोजच्या कामात जाणवण्यासारखा नाही, त्यामुळे जो चांगल्या डब्यात मिळेल तो घ्या.

एन९५ हे नाव मात्र जपून वाचा. ऐकायला तो एन१००चा जवळचा वाटतो आणि आहेही, पण त्याची पातळी १५ वॉट आहे. तेवढ्याच डब्यात जास्त उष्णता म्हणजे पंख्याला जास्त काम.

यापेक्षा वरचा इंटेलचा आय५ किंवा एएमडीचा रायझन ५ घेतला तर वाया जाईल का? वाया नाही, पण ईमेल त्यामुळे लवकर येणार नाही. पैसे उरत असतील तर ते रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी), एसएसडी (फिरता भाग नसलेली, फाइली साठवायची डिस्क) आणि मॉनिटरवर घाला. रोज डोळ्यांसमोर असतो तो मॉनिटर.

८ जीबी रॅम पुरेल की १६ हवी?

८ जीबीवर काम होतं. १६ जीबीवर काम करताना कॉम्प्युटरकडे लक्ष जात नाही. नवीन घेत असाल तर १६च घ्या.

रॅम बदलता येते का हेही विचारा. काही मिनी पीसींत लॅपटॉपची काढता-घालता येणारी पट्टी असते, काहींत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. स्पेसिफिकेशनमध्ये "एलपीडीडीआर" असं लिहिलेलं असेल तर ती जवळजवळ नक्कीच सोल्डर केलेली आहे, पुढे वाढवता येणार नाही. एन१००ला मेमरीचा एकच चॅनल असतो, त्यामुळे त्या मशीनमध्ये बहुधा एकच खाचा सापडेल. तिथे ८ जीबीची पट्टी असेल तर वाढवताना तिच्या जोडीला दुसरी बसत नाही, ती काढून १६ची लावावी लागते.

एसएसडी सगळ्यांत असतेच ना?

बहुतेकांत असते, पण "२५६ जीबी स्टोरेज" एवढंच लिहिलं असेल तर थांबा. ती ईएमएमसी असू शकते. ही मोबाइलसारखी बोर्डावर बसवलेली मेमरी असते, चांगल्या एसएसडीच्या मानानं बरीच संथ, आणि खराब झाली की बदलता येत नाही. एम.२ नावाच्या खाच्यात बसणारी, पातळ पट्टीसारखी एसएसडी हवी. त्यातही साटा प्रकारची साधारण ५५० एमबी प्रतिसेकंद वेगानं वाचते आणि एनव्हीएमई प्रकारची त्याच्या कितीतरी पट. पण ब्राउझर आणि पत्रव्यवहारात या दोघींतला फरक सांगा म्हटलं तर भल्याभल्यांना सांगता येणार नाही. हार्ड डिस्क आणि एसएसडी यांतला फरक मात्र लहान मूलही सांगेल.

फोटोंचा मोठा साठा असेल तर तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि काम झालं की ती काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली फिरती डिस्क शांत खोलीत ऐकू येतेच.

आवाज नेमका येतो कुठून?

मुख्यतः चार ठिकाणांहून, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

पहिला पंखा. पंख्याचा आवाज वेगाबरोबर सरळ वाढत नाही, झपाट्यानं वाढतो. वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलनं खाली येतो, आणि कानाला १० डेसिबल म्हणजे ढोबळमानानं निम्मा किंवा दुप्पट आवाज वाटतो. म्हणूनच मोठा पंखा सावकाश फिरवणं हे लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा कधीही चांगलं. शिवाय लहान पंख्याचा आवाज तार सप्तकातला असतो. मोठ्या पंख्याची हलकी सूं सूं पाच मिनिटांत कानाआड होते, लहान पंख्याची किणकिण होत नाही.

त्याहून वाईट म्हणजे वर-खाली होणारा आवाज. टॅब उघडला की पंखा अंगावर आल्यासारखा धावतो, चार सेकंदांनी शांत होतो, दुसरा टॅब उघडला की पुन्हा धावतो. एकसारखा २८ डेसिबलचा आवाज चालेल, पण २२ आणि ३४ यांच्यात झोके घेणारा नको. मिनी पीसीबद्दलच्या बहुतेक तक्रारी खरं तर या झोक्यांच्या असतात, आणि सुदैवानं त्या बऱ्याचदा सेटिंगमधून सुटतात. ते पुढे येईलच.

दुसरी फिरती हार्ड डिस्क. ती घेऊच नका, विषय संपला.

तिसरा कॉइलचा आवाज. वीजपुरवठ्याच्या भागातली छोटी वेटोळी सूक्ष्म थरथरतात आणि बारीक, कीटकासारखा चिरचिर आवाज येतो. पंखा नसलेल्या कॉम्प्युटरमध्येही तो येऊ शकतो. ओळखायची खूण अशी: लांबलचक वेबपेज माऊसनं खाली-वर करा, स्क्रोल करताना चिरचिर येते आणि थांबलं की जाते. याला घरगुती इलाज नाही. एकाच मॉडेलच्या दोन नगांत एक चिरचिरतो आणि दुसरा नाही, असंही होतं. परत करायची मुदत असताना रात्री शांततेत ऐका आणि आवाज असेल तर बदलून मागा.

चौथा टेबल. पंख्याची थरथर डब्याच्या पायांतून पोकळ टेबलात किंवा ड्रॉवरमध्ये उतरते आणि तिथे घुमते. काम चालू असताना डबा हातानं दोन बोटं वर उचलून बघा. आवाज कमी झाला तर दोष टेबलाचा. खाली जाड रबराचा किंवा फेल्टचा तुकडा ठेवला की भागतं.

जाहिरातीत "फक्त अमुक डेसिबल" लिहितात. त्यावर विश्वास ठेवावा का?

आकडा कुठे आणि कशात मोजला हे लिहिलं नसेल तर तो सोडून द्या. किती अंतरावरून? रिकामं असताना की जोरात काम चालू असताना? यांची उत्तरं नसतील तर आकड्याला अर्थ नाही.

नावाजलेल्या कंपन्या ऑफिससाठी जे कॉम्प्युटर बनवतात, त्यांच्या माहितीपत्रकात बऱ्याचदा आयएसओ ७७७९ या मानकानुसार मोजून आयएसओ ९२९६ प्रमाणे जाहीर केलेले आकडे मिळतात. ते विश्वासार्ह, पण वाचताना एक गफलत होते. तिथे कधी कधी "३.२ बेल" असं काहीतरी दिसतं. एक बेल म्हणजे १० डेसिबल, तेव्हा हे ३२ डेसिबल झाले. पण ही ध्वनिशक्ती आहे, म्हणजे यंत्र एकूण किती आवाज बाहेर टाकतं त्याचं माप. आपल्या कानाशी पोचतो तो ध्वनिदाब, आणि मोकळ्या जागी टेबलावरच्या यंत्रापासून एक मीटरवर तो साधारण ८ डेसिबलनं कमी भरतो. एका कंपनीचा ३२ आणि दुसरीचा २५ समोरासमोर ठेवून दुसरी शांत म्हणणं म्हणूनच धोक्याचं. दोन्ही आकडे एकाच मापातले आहेत का, ते आधी बघा.

खोलीत स्वतःचाही आवाज असतो. रात्रीची शांत झोपायची खोलीही २५-३० डेसिबलवर असते. एक मीटरवर २५च्या खाली असलेला कॉम्प्युटर दिवसा तुम्हाला ऐकूच येणार नाही, मग तो १८ आहे की २२ यावर डोकं खपवू नका.

मग सरळ पंखा नसलेलाच का घेऊ नये?

घ्या, पण त्याचं गणित समजून घ्या. फॅनलेस कॉम्प्युटरमध्ये उष्णता तांबं किंवा ॲल्युमिनियमच्या वाटेनं बाहेरच्या कवचापर्यंत येते आणि तिथून खोलीत जाते. म्हणजे पूर्ण कवच हाच त्याचा रेडिएटर. चांगला फॅनलेस डबा जड असतो, त्याला बाहेरून खाचाखाचांच्या धातूच्या पट्ट्या असतात आणि काम चालू असताना तो हाताला चांगलाच गरम लागतो. तो गरम लागतोय म्हणजे काम नीट करतोय. उलट, पातळ प्लास्टिकचा हलका डबा "फॅनलेस" म्हणून विकला जात असेल आणि बाहेरून गार असेल, तर उष्णता आतच कोंडतेय.

कोंडलेल्या उष्णतेनं कॉम्प्युटर लगेच जळत नाही. प्रोसेसर तापला की आपोआप आपला वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. साध्या वापरात पाच-दहा मिनिटांच्या कामात ते जाणवत नाही, पण तासभराच्या व्हिडिओ कॉलमध्ये चित्र अडखळायला लागतं आणि आपण इंटरनेटला शिव्या देत बसतो.

६ ते १० वॉटच्या प्रोसेसरसाठी फॅनलेस उत्तम. आय५, आय७ फॅनलेसमध्ये हवा असेल तर त्यासाठी केलेलं भलंमोठं धातूचं कवच लागतं आणि किंमत चढते. त्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवणारा डबा मला जास्त शहाणपणाचा वाटतो. शिवाय गरम प्रदेशात, ४० अंशांच्या खोलीत, पंखा नसलेल्या डब्याला सुरुवातच ४० अंशांपासून करावी लागते, हे विसरू नका.

धूळ खूप असेल तिथे मात्र फॅनलेसचं पारडं जड. हवा आत खेचायला काही नाही, म्हणून आत कचरा साठत नाही.

रास्पबेरी पायवर घरचं काम भागेल का?

हौस असेल तर भागेल. रास्पबेरी पाय म्हणजे एकाच बोर्डावर बसवलेला छोटा कॉम्प्युटर. २०१२ मध्ये पहिला पाय आला तेव्हा तो शिकण्यासाठीचा बोर्ड होता. २०२३चा पाय ५ ब्राउझर आणि पत्रव्यवहार बऱ्यापैकी ओढतो, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आलेला पाय ५०० तर कीबोर्डच्या आतच बसवलेला, पंख्याशिवायचा पूर्ण कॉम्प्युटर आहे. शांततेत त्याला तोड नाही.

अडचणी वेगळ्या आहेत. त्यावर नेहमीचं विंडोज अधिकृतपणे चालत नाही. काही प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) पायच्या मोबाइलसारख्या प्रोसेसरसाठी मिळत नाहीत. मॉनिटरसाठी छोटा मायक्रो एचडीएमआय लागतो. पाय ५ला ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा खास अडॅप्टर हवा, मोबाइलचा चार्जर लावून चालत नाही. कव्हर, अडॅप्टर, कार्ड किंवा एसएसडी, ती बसवायचा वेगळा बोर्ड असं जोडत गेलं की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. घरातल्या ज्येष्ठांसाठी घेत असाल आणि अडल्यावर फोन तुम्हालाच येणार असेल, तर नकोच.

मॅक मिनी?

पैसे असतील आणि मॅकची सवय असेल, तर शांततेच्या बाबतीत डोळे मिटून घ्यावा असा. २०२४च्या एम४ मॉडेलचा डबा १२.७ सेंटिमीटर चौरस आणि ५ सेंटिमीटर उंच आहे. पंखा आहे, पण साध्या कामात तो चालू आहे हे सांगावं लागतं. वीजपुरवठा आतच असल्यानं वायरीला लटकणारी वीटही नाही. रॅम १६ जीबीपासून सुरू होते आणि नंतर वाढवता येत नाही.

जुने चौकोनी यूएसबी पोर्ट त्यावर एकही नाहीत, सगळे यूएसबी-सी. तुमचा प्रिंटर, पेनड्राइव्ह आणि माऊसचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा) यांच्यासाठी हब किंवा कन्व्हर्टर लागेल. आणि चालू करायचं बटण डब्याच्या तळाला आहे. कोणी कसं ठरवलं देव जाणे.

ऑफिसमधून निघालेले छोटे कॉम्प्युटर सेकंडहँड मिळतात. ते कसे?

माझ्या मते साध्या वापरासाठी याहून चांगला सौदा नाही. डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी हे साधारण एक लिटर घनफळाचे डबे. मोठ्या ऑफिसांत हजारोंनी लागतात आणि काही वर्षांनी एकगठ्ठा बाहेर पडतात. बांधणी मजबूत असते, एका स्क्रूनं किंवा कळीनं झाकण उघडतं, रॅम-एसएसडी बदलता येते, सुटे भाग मिळतात आणि कंपनीच्या साइटवर दुरुस्तीचं पूर्ण पुस्तक असतं. नव्या स्वस्त डब्यांत यातलं निम्मंही सापडत नाही.

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी "टी" अक्षर बघा, उदाहरणार्थ आय५-८५००टी. टी म्हणजे ३५ वॉटची कमी तापणारी जात. त्याच पिढीचा टी नसलेला ६५ वॉटचा प्रोसेसर छोट्या डब्यात असेल तर पंखा जास्त बोलेल.

पिढीही महत्त्वाची. विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. नावात आय५ नंतरचा पहिला आकडा पिढी सांगतो: ८५००टी आठवी, ६५००टी सहावी. पाच आकडे असतील तर पहिले दोन, म्हणजे १०५००टी दहावी. सहाव्या-सातव्या पिढीचे डबे फार स्वस्त दिसतात ते याचमुळे. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकणार असाल तर मात्र तेच घ्या आणि फायदा पदरात पाडून घ्या.

आणल्यावर दोन गोष्टी करून घ्या. आतली धूळ काढून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) बदला, आणि एसएसडी नवी टाका. बऱ्याच "आवाज करणाऱ्या" जुन्या टायनीचा आवाज पहिल्या कामानंच निम्म्यावर येतो. विकत घेण्याआधी बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मशीनच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना, हे दुकानातच चालू करून बघा. ऑफिसचा पासवर्ड राहिला असेल तर सेटिंग बदलता येत नाहीत. मूळ अडॅप्टरही सोबतच घ्या. लेनोवोची चौकोनी पिन, डेलची वेगळी, एचपीची आणखी वेगळी, आणि चुकीच्या किंवा नकली अडॅप्टरवर काही मॉडेल मुद्दाम सावकाश चालतात.

कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा स्वस्त मिनी पीसी घ्यावा का?

हार्डवेअर बऱ्याचदा ठीक असतं, प्रश्न बाकीच्या गोष्टींचा. बायोसचे अपडेट मिळत नाहीत, अडॅप्टर कसलाही असतो, आणि कधी विंडोजचं लायसन्स घरगुती वापराचं नसून कंपन्यांना घाऊक दिलं जाणारं असतं. २०२४ मध्ये अशा काही मशीनवर डब्यातून काढतानाच मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) सापडल्याचं उघड झालं होतं. तेव्हा घेतलाच तर पहिल्या दिवशी आतलं सगळं पुसून, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेलं विंडोज नव्यानं टाका. त्याआधी त्यावर बँकेचा पासवर्ड टाइप करू नका. हे जमणार नसेल आणि करून देणारंही कोणी नसेल, तर ओळखीचं नाव घ्या.

विंडोज की लिनक्स?

एखादं काम फक्त विंडोजवरच होत असेल, उदाहरणार्थ डिजिटल सहीचं डोंगल किंवा ठराविक हिशोबाचं सॉफ्टवेअर, तर विंडोज. विंडोज १०चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे आता ११च धरून चाला. सगळं काम ब्राउझरमध्येच होत असेल तर लिनक्स मिंट टाकून बघायला हरकत नाही. पेनड्राइव्हवरून, कॉम्प्युटरला हात न लावता, आधी चालवून पाहता येतं. वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तिथे चालले तर पुढेही चालतील.

जुना मॉनिटर जोडता येईल का?

एचडीएमआय असेल तर सरळ. फक्त निळा व्हीजीए पोर्ट असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. नुसती वायर चालत नाही, कारण सिग्नल डिजिटलचा ॲनालॉग करावा लागतो.

नवा ४के मॉनिटर घेत असाल तर कॉम्प्युटरचा एचडीएमआय कोणत्या आवृत्तीचा आहे ते बघा. १.४ असेल तर ४के फक्त ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं, मिळतं आणि माऊसचा बाण ओढत ओढत आल्यासारखा वाटतो. २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ असेल तर ६० हर्ट्झ मिळतं.

वायरलेस माऊस मधूनमधून अडखळतो. माऊस खराब आहे का?

बहुधा नाही. यूएसबी ३ चे पोर्ट आणि त्यांत लावलेली उपकरणं २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात, आणि वायरलेस माऊस-कीबोर्ड नेमके तिथेच बोलतात. इंटेलनं २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. मोठ्या कॅबिनेटमध्ये पोर्ट लांब लांब असतात, मिनी पीसीत एकमेकांना चिकटून. बाहेरची डिस्क एका पोर्टात आणि माऊसचा डोंगल शेजारच्या पोर्टात असेल, तर फाइल कॉपी करताना माऊस हमखास लंगडतो. डोंगल यूएसबी २ च्या काळ्या पोर्टात हलवा किंवा हातभर एक्स्टेन्शन वायर लावून कीबोर्डजवळ आणा. दोन मिनिटांत फरक दिसतो.

विजेचं बिल कमी होतं का?

होतं. एन१००चा डबा साध्या कामात साधारण १० वॉट घेतो, जुनं मोठं कॅबिनेट ६० वॉट धरा. रोज आठ तास, महिन्याचे तीस दिवस: पहिल्याचे २.४ युनिट, दुसऱ्याचे १४.४. मॉनिटरचे वेगळे. केवळ बिलासाठी चालता कॉम्प्युटर बदलावा एवढा हा फरक नाही.

लाइट गेली तर?

मिनी पीसीत बॅटरी नसते, तो जागीच बंद पडतो. छोटा यूपीएस लावा. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून बहुधा ३०-४० वॉटच लागत असल्यानं साध्या यूपीएसवरही बराच वेळ मिळतो, राउटरही त्यालाच जोडा. फक्त यूपीएस घेताना कान लावून घ्या. शांत कॉम्प्युटरशेजारी दिवसभर गुणगुणणारा यूपीएस म्हणजे आगीतून फुफाट्यात.

कुठे ठेवावा?

मॉनिटरच्या मागे लावणं सगळ्यांत छान. मॉनिटरच्या पाठीवर ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराची चार भोकं असली की सोबत येणारी पट्टी बसते. टेबल मोकळं होतं आणि तुमच्या कानापर्यंतची सरळ वाट अडते. दोन तोटे आहेत. चालू करायचं बटण चाचपावं लागतं आणि मॉनिटरच्या उंचीची हालचाल कधी अडते. पहिल्यावर उपाय म्हणजे बायोसमध्ये कीबोर्डनं किंवा वीज आल्यावर आपोआप सुरू व्हायची सोय चालू करणं.

बंद कपाटात, ड्रॉवरमध्ये किंवा पुस्तकांच्या मागे कोंबू नका. आवाज लपेल असं वाटतं, पण हवा तापते, पंखा वाढतो आणि कपाटातूनही ऐकू येतो.

घेतला आणि आवाज करतोय. आता काय?

आधी टास्क मॅनेजर बघा. काही चालू नसताना प्रोसेसर व्यस्त असेल तर अपडेट किंवा अँटिव्हायरस मागे काम करतोय. नव्या कॉम्प्युटरवर पहिला दिवस-दोन दिवस हे चालतंच.

तरी झोके थांबले नाहीत तर बायोसमध्ये पंख्याची सेटिंग शोधा. "क्वाएट" किंवा "सायलेंट" असा पर्याय असेल तर तो निवडा. पंखा किती अंशांवर वेग धरणार हे बदलता येत असेल तर सुरुवात ५० अंशांऐवजी ६५ वर न्या. प्रोसेसरला ६५ अंश म्हणजे काहीच नाही.

तेही नसेल तर विंडोजच्या पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये जा आणि प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांवरून ९९ वर आणा. एका टक्क्यानं काय होणार असं वाटेल. पण त्यामुळे बहुतेक मशीनवर टर्बो बंद होतो, म्हणजे टॅब उघडताना प्रोसेसर जी क्षणभराची उसळी घेतो ती थांबते. पंख्याचे झोके त्या उसळीमुळेच असतात. काम किंचित मंदावतं, साध्या वापरात बहुधा कळणारही नाही. हा पर्याय काही मशीनवर लपवलेला असतो.

परत करायची मुदत संपायच्या आत काय तपासावं?

घरातला टीव्ही, पंखा, एसी सगळं बंद करून रात्री अर्धा तास साधं काम करा आणि ऐका. मग तासाभराचा व्हिडिओ फुल स्क्रीन लावून पुन्हा ऐका, आणि डब्याला हात लावून बघा. स्क्रोल करून चिरचिर तपासा. सगळ्या पोर्टांत एकेकदा पेनड्राइव्ह लावा. वाय-फाय कॉम्प्युटर जिथे ठेवणार तिथूनच तपासा, राउटरशेजारी बसून नाही. दहा वेळा स्लीपमध्ये घालून उठवा. स्वस्त मिनी पीसींची खोड इथे निघते, एखादा उठतच नाही. खोकं आणि आतलं थर्माकोल मुदत संपेपर्यंत फेकू नका.